ऑडिटपुरती सुरक्षा

कंपनीचं नेटवर्क सुरक्षित ठेवणं हे आयटी अ‍ॅडमिनचं काम आहे, असा एक भाबडा समज नोकरीला नव्याने लागलेल्यांमध्ये आढळतो. वर्षभरात तो आपोआप उतरतो. नेटवर्क सुरक्षित राहिलं म्हणून आजवर कुणाला बढती मिळाल्याचं ऐकिवात नाही. उलट काहीच घडलं नाही की ‘हा माणूस दिवसभर करतो तरी काय?’ अशी विचारणा सुरू होते. तेव्हा कामाचं खरं स्वरूप आधीच समजून घ्या. नेटवर्क सुरक्षित दिसलं पाहिजे, वरच्या मजल्यावरून तक्रार येता कामा नये आणि उद्या काही झालंच तर बोट दाखवायला जागा तयार असली पाहिजे. एवढं साधलं की ऑडिटरसुद्धा हसतमुखाने सही करून जातो.

सुरुवात पासवर्डपासून करा, कारण त्यात कष्ट इतरांना पडतात. दर ३० दिवसांनी बदलण्याची सक्ती, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, मागचे बारा चालणार नाहीत. असा नियम लावला की लोक काय करतात ते जगजाहीर आहे: महिन्याचं नाव, पुढे ‘ॲट’, पुढे वर्ष. पुढच्या वेळी फक्त महिना बदलतो. हल्लेखोरालाही कॅलेंडर वाचता येतं, पण पॉलिसीच्या कागदावर सगळं कसं शिस्तीत दिसतं. या नियमांना वजन मिळालं ते मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेमुळे. २०१७ मध्ये खुद्द बर यांनीच त्याबद्दल खेद व्यक्त केला आणि त्याच वर्षी निस्टने नव्या मार्गदर्शिकेत सांगून टाकलं, की पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच तो बदलायला लावा, लांबीला महत्त्व द्या आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा. हे वाचून बाजूला ठेवा. लिहिणाऱ्याला पश्चात्ताप झाला म्हणून नियम मोडीत काढायला लागलो, तर ऑफिसं चालायची कशी?

स्वतःच्या पासवर्डांना मात्र हा जाच नको. माणसं नव्हे तर प्रोग्रॅम ज्यावर चालतात त्या सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड ज्याने ठेवला तो कधीच कंपनी सोडून गेला, आणि बदलला तर नेमकं काय काय बंद पडेल हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणजे तो आता पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत गेला. हात लावू नका. सगळ्या मशीनवर लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकच असू द्या. सगळ्या मशीनवर उतरवायचा साचा, म्हणजे इमेज, बनवताना एकदा टाकला की संपलं. रिसेप्शनवरचा एक संगणक हाती लागला की त्याच पासवर्डने पूर्ण इमारत फिरता येते हे खरं, पण पाहुण्याने दर दारावर किल्ली शोधत बसायचं का? प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड आपोआप लावून देणारं ‘लॅप्स’ हे साधन मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच फुकट देऊन टाकलं. फुकटच्या वस्तूसाठी खरेदीचा प्रस्ताव लिहिता येत नाही, सबब ती आपल्या उपयोगाची नाही. आणि हे सगळे पासवर्ड ठेवायचे कुठे? शेअर्ड ड्राइव्हवर, एक्सेलमध्ये. फाइलचं नाव ‘पासवर्ड फायनल नवीन २’. पहिल्या शीटवर सर्व्हर, दुसऱ्यावर स्विच आणि राउटर, तिसऱ्यावर बँकेचं लॉगिन. ते तिथे कसं आलं हे विचारायचं नसतं. फाइललाही पासवर्ड लावा आणि तो विसरायला नको म्हणून शेजारीच एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा.

मल्टी-फॅक्टर ऑथेंटिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरून दुसरी खातरजमा, जरूर लावा, ऑडिटच्या फॉर्ममध्ये त्याचा रकाना असतो. फक्त साहेबांना दर वेळी मोबाइल बघायचा त्रास होतो, म्हणून त्यांच्यासाठी ‘अपवाद’ नावाचा ग्रुप करा. ज्यांच्या एका ईमेलवर पैसे बाहेर जातात, सूट नेमकी त्यांनाच. हळूहळू त्या ग्रुपमध्ये साहेबांचे सहायक येतील, मग अकाउंट्स, मग स्कॅन करून ईमेल पाठवणारं जुनं यंत्र, मग जुन्या व्हीपीएनवरची, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या जुन्या वाटेवरची, मंडळी.

व्हीपीएनवरून आठवलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी कोलोनियल पाइपलाइन मे २०२१ मध्ये बंद ठेवावी लागली, ती अशाच एका जुन्या व्हीपीएन प्रोफाइलमधून हल्लेखोर आत शिरल्यापायी. कुणी वापरत नव्हतं, पण चालू होतं आणि त्यावर दुसरा फॅक्टर नव्हता. ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी गेली. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे सिनेटसमोर आवर्जून सांगितलं, की पासवर्ड काही साधासुधा नव्हता, चांगला गुंतागुंतीचा होता. बघा, पासवर्डची पॉलिसी अशी अडीअडचणीला कामी येते. तर सोडून गेलेल्या माणसांची खाती बंद करायची घाई करू नका. एचआरकडून कळवणारा ईमेल येईल तेव्हा येईल. माणसं गेली तरी त्यांचं लॉगिन राहावं, यात एक प्रकारची कृतज्ञताही आहे.

पॅचिंगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणारे अपडेट घालण्याच्या, बाबतीत एकच धोरण: चालत्या गाडीला हात लावायचा नाही. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने १२ मे २०१७ ला जगभरातले संगणक कुलूपबंद केले, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्यावरचा पॅच १४ मार्चलाच निघाला होता. म्हणजे जवळजवळ दोन महिने हाताशी होते. पण दोन महिन्यांत काय होतं हो? एक चेंज रिक्वेस्ट मंजूर होईपर्यंत तेवढा वेळ जातोच. शिवाय आता आपल्या बाजूला भक्कम पुरावा आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट आला आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर येऊन थांबली. कुणी पॅचचा विषय काढला की ही तारीख सांगा. तो ऑपरेटिंग सिस्टिमचा पॅच नव्हता, सुरक्षा सॉफ्टवेअरची कॉन्फिगरेशन फाइल होती. आणि शहाण्याने त्यातून ‘आधी थोड्या मशीनवर घालून बघा, मग सगळीकडे घाला’ एवढाच बोध घ्यायचा असतो. या बारकाव्यात मीटिंगमध्ये शिरू नका.

आता फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी: कोणाला आत-बाहेर सोडायचं हे तो रूलच्या यादीवरून ठरवतो. इथे थोडं थांबू, कारण अ‍ॅडमिनची कला इथे पाहायला मिळते. रूलची यादी उघडा आणि सगळ्यात वरचा रूल वाचा. सोर्स एनी, डेस्टिनेशन एनी, सर्व्हिस एनी, अ‍ॅक्शन अलाउ. म्हणजे कुणीही, कुठेही, काहीही, जाऊ द्या. शेरा: ‘टेम्प, व्हेंडर टेस्टिंग, सोमवारी काढणे’. कोणता सोमवार ते लिहिलेलं नाही. व्हेंडर बदलला, त्याचं सॉफ्टवेअर बदललं, रूल मात्र जागच्या जागी. फायरवॉल वरून खाली वाचतो आणि जो रूल आधी जुळेल तोच लावतो, त्यामुळे याचा हिट काउंटर, म्हणजे किती वेळा लागू पडला तो आकडा, कोटींमध्ये आणि त्याखालचे कष्टाने लिहिलेले सगळे रूल शून्यावर. त्या शून्यांमध्ये शेवटचा ‘डिनाय ऑल’सुद्धा बसलेला असतो, ऑडिटच्या स्क्रीनशॉटमध्ये नेमका तोच जातो. हा वरचा रूल काढायचं मनात आणू नका. काढलात तर पाच मिनिटांत फोन वाजेल, ‘नेट गेलं’. लॉगिंग चालू केलं तर त्यातून कोण काय वापरतं हे आठवडाभरात कळेल आणि नेमके रूल लिहिता येतील, असं कुणी सुचवेल. लॉगने डिस्क भरते म्हणून सांगा.

घरून काम करणाऱ्यांसाठी ऑफिसचा संगणक दुरून चालवू देणारा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा. त्याचं नेहमीचं दार, म्हणजे पोर्ट ३३८९, उघडं ठेवणं धोक्याचं असतं असं म्हणतात, म्हणून ३३९० करा. स्कॅनरला तो सापडायला थोडा वेळ लागेल, तेवढं त्याला ताटकळवल्याचं समाधान आपल्याला. स्विचवर व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे कप्पे, करून प्रिंटर, कॅमेरे, अकाउंट्स आणि सर्व्हर वेगळे करण्याच्या भानगडीतही पडू नका. सगळे एकाच नेटवर्कवर गुण्यागोविंदाने नांदू द्या. टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीत २०१३ मध्ये हल्लेखोर शिरले ते वातानुकूलनाचं काम करणाऱ्या कंत्राटदाराचं लॉगिन वापरून आणि पोचले गल्ल्यावरच्या यंत्रांपर्यंत. सुमारे ४ कोटी कार्डांचे तपशील गेले. कॅमेऱ्यांचे फॅक्टरीतून आलेले पासवर्डही तसेच ठेवा. २०१६ च्या मिराई बॉटनेटने, म्हणजे हल्लेखोरांच्या ताब्यातल्या उपकरणांच्या फौजेने, युजरनेम-पासवर्डांच्या असल्याच साठेक जोड्यांच्या यादीवर लाखो उपकरणं गोळा केली होती. त्यांची यादी जुनी पडू नये ही आपली जबाबदारी.

बॅकअपबद्दल मात्र कुणी तुम्हाला नाव ठेवू शकणार नाही, कारण बॅकअप तुम्ही घेताच. रोज रात्री जॉब चालतो, पहाटे हिरव्या खुणेचा ईमेल येतो, आउटलुकचा रूल तो उचलून ‘बॅकअप’ फोल्डरमध्ये टाकतो. फोल्डरवर न वाचलेल्यांचा आकडा वाढत राहतो. बॅकअपचा सर्व्हर त्याच डोमेनमध्ये, म्हणजे कंपनीच्या एकाच ताब्याखालच्या संगणकांच्या गटात, त्याच डोमेन अ‍ॅडमिनच्या पासवर्डवर ठेवा. हल्ली डेटा ओलीस धरून खंडणी मागणारे रॅन्समवेअरवाले आत आल्यावर पहिल्यांदा बॅकअप शोधून पुसतात आणि मग फाइली कुलूपबंद करतात. वेगळा पासवर्ड ठेवून त्यांची गैरसोय करू नये. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक जागेबाहेर, हा जुना हिशेब पाठ करून ठेवा, मुलाखतीत विचारतात.

रिस्टोअर करून बघणं तेवढं टाळा. रिस्टोअर करून बघितलं की नसते प्रश्न निघतात. डेटाबेस परत आला, पण एन्क्रिप्शनची किल्ली त्याच सर्व्हरवर होती जो गेलाय. पूर्ण फाइल सर्व्हर परत आणायला किती तास लागतात, हे मोजलं की आकडा लिहावा लागतो आणि लिहिला की साहेब वाचतात. प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीची गोष्ट माहीत असेल. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरा एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला घेतली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. मग बॅकअप काढायला गेले तर डेटाबेसच्या आणि बॅकअप साधनाच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या, जॉब रोज अपयशी होत होता. अपयश कळवणारे ईमेलही निघत होते बरं का, पण त्यांवर योग्य डिजिटल सही नसल्यामुळे मेल सर्व्हर ते नाकारत होता. वाचले ते कुणीतरी सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेऊन ठेवलेल्या डेटाच्या एका प्रतीमुळे, म्हणजे स्नॅपशॉटमुळे. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर लिहिलं, हा त्यांचा बालिशपणा.

आणि नशिबावर हवाला ठेवायला हवाच असेल, तर मर्स्क आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने या जहाज कंपनीचे जगभरातले डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची लॉगिन सांभाळणारे सर्व्हर, एका फटक्यात पुसले. ते एकमेकांची नक्कल ठेवत असल्यामुळे वेगळा बॅकअप कुणी ठेवला नव्हता. एक उरला, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. पुढे त्याची प्रत हार्ड डिस्कवर घालून विमानाने आणली आणि त्यावरून कंपनी उभी केली. तेव्हा ऑफलाइन प्रतीवर कशाला खर्च करता? कुठल्या तरी शाखेत वीज जाईलच.

अलर्टचं म्हणाल, तर ते जितके जास्त तितके चांगले. दिवसाला हजारभर आले की कुणाकडूनही वाचण्याची अपेक्षा राहत नाही. लोकांची पतमाहिती ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकन कंपनीत २०१७ साली एन्क्रिप्टेड ट्रॅफिक तपासणाऱ्या यंत्राचं सर्टिफिकेट कित्येक महिने संपलेलं होतं, त्यामुळे यंत्र सगळं डोळे मिटून सोडत होतं. जुलैअखेर कुणीतरी नवं सर्टिफिकेट बसवलं आणि लगेच संशयास्पद ट्रॅफिक दिसला. पुढे १४ कोटींहून अधिक लोकांच्या माहितीचा गवगवा झाला. बसवलंच नसतं तर?

कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण वर्षातून एकदा, स्लाइड पटापट पुढे ढकलता येतील असं. एखादीने ‘मी चुकून लिंक दाबली’ म्हणून स्वतःहून कळवलं तर तिला चारचौघांत झापा. पुन्हा कुणी कळवणार नाही, महिन्याच्या अहवालात घटना शून्य येतील.

एवढं करूनही एखाद्या सकाळी सगळ्या पडद्यांवर खंडणीची चिठ्ठी झळकलीच, तर घाबरू नका. पहिलं निवेदन तयारच ठेवा: ‘ग्राहकांच्या माहितीची सुरक्षा आमच्यासाठी सर्वोच्च आहे.’ दुसरं वाक्य ‘अत्यंत प्रगत हल्ला’ या शब्दांनी सुरू करा. उघड्या ३३९० चा उल्लेख नको. मग एक माणूस लागतो. इक्विफॅक्सच्या माजी प्रमुखांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीला सांगितलं, की पॅच लावायचा निरोप एका कर्मचाऱ्याने पुढे दिला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये, हल्ला झालेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या माजी प्रमुखांनी ‘सोलरविंड्स१२३’ या पासवर्डबद्दल विचारल्यावर बोट दाखवलं ते एका इंटर्नकडे. दोघांचाही अभ्यास करण्यासारखा आहे, पण मला विचाराल तर इंटर्न उजवा. पगार कमी, युनियन नाही, आणि चौकशी बसेपर्यंत तो कॉलेजात परत गेलेला असतो.

म्हणून दर उन्हाळ्यात एक नेमून ठेवा. पहिल्याच दिवशी त्याला डोमेन अ‍ॅडमिन करा, वेगळी परवानगी देत बसण्याचा वेळ वाचतो. आणि तो गेल्यावर त्याचं लॉगिन बंद करू नका, लागेल.