पोलादापेक्षा पात्याची जाडी बघा

लेखात म्हटलंय की खिशात रोज ठेवायचा घडीचा चाकू घ्यायचा तर थेट सेबेंझासारखा महागडा, टायटॅनियमच्या मुठीचाच घ्या, मधल्या किमतीचे म्हणजे पैसे वाया. अजिबात पटलं नाही. सेबेंझाचं काम अप्रतिमच, उघडताना मिटताना खरखर नाही, पातं जरासुद्धा डुगडुगत नाही, पण रोज आपण कापतो काय तर कुरिअरचे खोके, सुतळी, एखादं सफरचंद, आणि तिथे पात्याची जाडी महत्त्वाची. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या ८ नंबरच्या चाकूचं पातं २ मिलिमीटरपेक्षा पातळ, सफरचंदातून सरळ खाली उतरतं, जाड पात्याने फोड कापली जात नाही, तडकते! फक्त स्टेनलेसवालंच घ्या, कार्बन पोलादाचं पातं लिंबू कापून तसंच ठेवलं की काळं पडतं, कोकणातल्या पावसात तर गंजतंच. हां, ओपिनेलची लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि पातं उघडायला जड जातं, ते नको असेल तर सिव्हिवी कंपनीचे चाकू बघा, त्यातही डी२ पेक्षा १४सी२८एन पोलाद बरं, गंज कमी आणि घरच्या साध्या दगडावर पटकन धार लागते. सेबेंझासारख्या महाग चाकूंत येणाऱ्या मॅग्नाकट पोलादाची धार जास्त टिकते हे खरंय, पण एकदा गेली की परत लावायला बराच वेळ घासत बसावं लागतं.