सोलापुरात बघायला काय हाय म्हणे!

आज सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेस आली तेव्हाची गोष्ट. स्टेशनबाहेर चहाच्या गाड्यापाशी मुंबईचं एक कुटुंब उभं होतं. आई, वडील आणि कॉलेजातली मुलगी. मुलीनं शेजारच्या इस्त्रीच्या शर्टातल्या काकांना विचारलं, "काका, इथं चादरी विणतात ते कुठं बघायला मिळेल?" काकांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "अहो ताई, सोलापुरात काय हाय बगायला? अक्कलकोट करा, तुळजापूर करा, रात्रीच्या गाडीनं निघा की!" झालं. ते तिघं बॅगा उचलून एसटी स्टँडच्या रिक्षात बसले.

काका कोण, कुठले, ठाऊक नाही. पण बोलण्यावरून पक्के आपले. म्हणून तर डोकं फिरलं. पुण्या-मुंबईचा कुणी असं बोलला असता तर आपण सगळे तुटून पडलो असतो. आपलाच माणूस बोलला की सगळे माना डोलावतात.

अक्कलकोट-तुळजापूरला जाऊ नका असं कोण म्हणतंय? जा की. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीसेक, पंढरपूर सत्तरच्या पुढं, तिन्हीकडं दिवसभर एसटी आहे. गुरुवारी अक्कलकोट आणि मंगळवारी-शुक्रवारी तुळजापूर टाळलं तर दर्शनही निवांत होतं. पण त्यासाठी सोलापूर म्हणजे फक्त गाडी बदलायचं ठिकाण, हे कुणी ठरवलं? मुलीनं विचारलं काय, आणि तिला उत्तर मिळालं काय!

तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे शहराचा पूर्व भाग, विणकरांची वस्ती. अशोक चौकातून आत शिरायचं आणि कान उघडे ठेवायचे. जिथं खटखट ऐकू येईल तिथं माग आहे. मोठी गेटं आणि पाट्या शोधू नका. पुष्कळ ठिकाणी कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची शेड. कुठं कुठं वर माणसं राहतात, खाली माग चालतात, आणि कानावर मराठीपेक्षा तेलुगू जास्त पडतं. सकाळी कामाचा जम बसला की दहानंतर जावं. आधी मालकाला विचारावं, आणि फोटो काढायचा असेल तर कामगारालाही. ओढणी, पदर, मोकळे केस घट्ट बांधावेत. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडं धावतो तो तुकडा. त्याच्या रेषेत म्हणजे मागाच्या दोन्ही टोकांना उभं राहू नये, कारण धोटा कधी कधी बाहेर उडतो आणि त्याचं टोक लोखंडी असतं. आत काही ऐकू येत नाही, तेव्हा प्रश्न बाहेर येऊन विचारावेत.

बघायचं काय? रंगवलेलं सूत आधी कोनांवर, म्हणजे शंकूसारख्या रिळांवर, चढतं. त्यातून ताणा, म्हणजे उभे धागे, तयार होऊन बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळला जातो. बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यासाठी, धोट्यात बसणाऱ्या कांड्या भरल्या जातात. हे काम बऱ्याचदा बायका करतात आणि त्यांच्याकडं कुणी बघतही नाही. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड, म्हणजे नक्षी उठवणारं यंत्र, बसलेलं असतं आणि त्यावरून भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ फिरत असते. ज्या जागी भोक असेल तिथला हूक वर जातो, त्याला बांधलेले ताण्याचे धागे उचलले जातात आणि खालून धोटा जातो. मोर असो, वेल असो की चौकट, सगळी नक्षी त्या पत्त्यांत साठवलेली असते. डिझाइन बदलायचं म्हणजे माळ बदलायची. एखादा पत्ता फाटला किंवा भोक बुजलं की नक्षी दर वेळी त्याच जागी चुकते, आणि मुरलेला विणकर नुसती चादर बघून पत्ता कुठला ते सांगतो. हे बघायला लोक दुसऱ्या राज्यात तिकीट काढून जातात, आणि आपण म्हणतो काय हाय बगायला!

आता खरेदी, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी पानिपतचा माल "सोलापुरी" लेबल लावून देशभर विकला जातो. आपल्या गावातसुद्धा, हेही लिहून टाकतो. तर तपासणी अशी. चादर उलटी करा. खरी चादर दुहेरी विणीची असते. नक्षी दोन्हीकडं स्वच्छ दिसते, फक्त रंग अदलाबदल होतात. मागच्या बाजूला धागे लोंबत असतील किंवा नक्षी पुसट असेल तर ठेवून द्या. मग हातात घेऊन वजन बघा, सुती चादर घडीलाच जड लागते. उन्हात धरा, फार चमकली तर त्यात सूत कमी आणि दुसरंच काही जास्त. तरी शंका असेल तर दशीतला, म्हणजे टोकाला सुटलेल्या धाग्यांतला, एक धागा मागून घ्या आणि पेटवा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटानं चुरगळणारी राख उरते. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. प्रामाणिक दुकानदार धागा देतो, चिडला तर उठा. लांबीत उभी रेघ दिसली तर ताण्याचा धागा तुटलेला, आडवी फट दिसली तर कांडी संपताना बाणा सुटलेला. असा माल सेकंड म्हणून स्वस्तात मिळतो, वापराला काही अडत नाही, पण पहिल्या दर्जाचे पैसे देऊ नका. पहिली धुणी थंड पाण्यात, वेगळी. लाल आणि निळा रंग सोडणारच.

हे सगळं त्या काकांना ठाऊक नसेल? सोलापुरी माणसाला? त्यांच्या घरात पाच-सहा चादरी नक्की असतील.

ओडिशातलं राउरकेला घ्या. तेही कारखान्याचंच गाव. पोलादाचा कारखाना, पहिली भट्टी 1959 ची. पण कुणी विचारलं तर नाव निघतं ते वीस हजारांवर माणसं बसतील अशा हॉकीच्या स्टेडियमचं, जिथं 2023 च्या विश्वचषकाचे सामने झाले. नाव निघतं वेदव्यासच्या देवळाचं, जिथं शंख आणि कोयल नद्या मिळून ब्राह्मणी होते. कारखाना, खेळ, देऊळ, नदी, चारही गोष्टी एका दमात. आपल्याकडं यातलं काय कमी आहे? जुनी कापड मिल 1877 ची. भारताकडून कसोटीत पहिलं द्विशतक ठोकणारे पॉली उम्रीगर 1926 साली सोलापुरात जन्मले. पार्क मैदानात आजही सकाळी पोरं नेटमध्ये घाम गाळत असतात. पाहुण्याला कुणी तिथं नेतं? पार्क चौकातला चार हुतात्म्यांचा पुतळा तरी दाखवतं? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1930 च्या मार्शल लॉनंतर खटला चालला आणि 12 जानेवारी 1931 ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. आपण त्या चौकाचं नाव फक्त रिक्षावाल्याला पत्ता सांगताना घेतो.

असो. पहिल्या दिवसाचा क्रम सांगतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं यावं, ती सकाळी पोचवते आणि अख्खा दिवस हातात राहतो. वंदे भारत रात्री उशिरा पोचते, तेव्हा तिनं येणार असाल तर रात्रीची खोली धरूनच हिशेब करा. सकाळी पहिल्यांदा सिद्धेश्वर, तळ्याच्या मधलं देऊळ. हे तळं बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून खोदवलं असं परंपरा सांगते. त्यांची समाधीही इथंच. तिथून तळ्याच्याच काठावरचा भुईकोट किल्ला, बहामनी काळातला. तो ऊन चढायच्या आत उरकायचा, कारण आत सावली कमी आणि तटावर मुळीच नाही. दुहेरी तट, खंदक, तटातच बसवलेले जुन्या देवळांचे कोरीव दगड. हे दगड लोक बघत नाहीत, नुसते सेल्फी काढतात. 1818 मध्ये इंग्रजांच्या मन्रोनं पेशव्यांच्या फौजेकडून हाच किल्ला घेतला. मग भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर. 1910 चा जन्म, 1938 ला चीनला गेले, 1942 ला तिथंच जखमी सैनिकांची सेवा करता करता गेले. चिनी पाहुणे ते घर शोधत येतात. दुपार पूर्व भागात घालवा, संध्याकाळी परत तळ्यावर या.

दुसरा दिवस नदीचा. सोलापूर शहरातून मोठी नदी वाहत नाही, हे मान्य. पण विजापूर रोडनं निघून चाळीसेक किलोमीटरवर हत्तरसंग कुडल आहे. तिथं सीना येऊन भीमेला मिळते. काठावर संगमेश्वराचं देऊळ, आणि त्यातल्या तुळईवर मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक कोरलेला, शके 940, म्हणजे इसवी सन 1018. शेवटची ओळ "वाचि तो विजेया होईवा". बाजूच्या हरिहरेश्वर मंदिरात 359 मुखं कोरलेलं एकच शिवलिंग आहे. हजार वर्षांपूर्वीची मराठी, दोन नद्या, असलं शिल्प, आणि तिथं आपल्या गावातल्या शाळांच्या सहलीसुद्धा क्वचितच जातात!

जायची रीत अशी: आतल्या फाट्यापासून वाहन मिळेलच असं नाही, म्हणून गाडी जाऊन-येऊन ठरवावी आणि थांबायचे पैसे आधीच बोलून घ्यावेत. पाणी आणि खाणं बरोबर न्यावं. टॉर्च न्यावी, शिलालेख तिरप्या उजेडात वाचता येतो, समोरून उजेड टाकला तर अक्षरं सपाट दिसतात. पावसाळ्यात उजनी धरणातून विसर्ग सुरू असेल तर जाऊ नका. भीमा वरून फुगते आणि सीनेचं पाणी मागं तुंबतं. त्या वेळी काठावरचं देऊळ गाठणं हा वेडेपणा आहे.

मे महिन्यात येणाऱ्याला हात जोडतो. चाळीसच्या वर पारा, तटावर पाय ठेववत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले दिवस.

त्यातही गड्डा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा! आता लिहिताना राग जरा उतरलाय, गड्ड्याचं नाव काढलं की उतरतोच. भोगीला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संक्रांतीला सम्मती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता, किंक्रांतीला होम मैदानावर होमप्रदीपन, म्हणजे होम पेटवणं, दुसऱ्या दिवशी शोभेचं दारूकाम. सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि तो उंच ध्वज कमरेच्या पट्ट्यावर एकट्यानं पेलायचा. त्यासाठी आधी कित्येक आठवडे रात्री रस्त्यांवर सराव चालतो. डिसेंबरात आलात तर तोही बघायला मिळतो, आणि गर्दी नसते. अक्षतेच्या दिवशी मिरवणूक सकाळी यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यातून निघते आणि दुपारी पोचते. मागाहून येणाऱ्याला फक्त पाठी दिसतात, तेव्हा जागा आधीच धरावी. खिशात मूठभर तांदूळ ठेवावेत, उभं आहात तिथूनच टाकायचे. लहान पोरांना खांद्यावर घ्या, हात सोडू नका. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणून हजारो गळे उठले की बाहेरच्या माणसाच्याही अंगावर काटा येतो. लॉज डिसेंबरातच बुक करावं. आणि श्रावणात येणार असाल तर नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेयाचा रथ निघतो, तो चुकवू नका.

धूळ आहे, पाणी रोज येत नाही, पाट्या धड नाहीत. हो, आहे तसं. पण पाहुण्याला लॉजवर पाणी मिळतं, नळाची वाट आपण बघतो. ती अडचण पुढं करून त्याला गावाबाहेर काढायचं कारण नाही.

त्या काकांचा विचार डोक्यातून जात नाही. साठीचे तरी असतील. मिलचे भोंगे एकेक बंद होताना त्या वयाच्या माणसानं बघितलेत. कुणाचा बाप, कुणाचा भाऊ घरी बसला. त्या माणसाला मिलचं गाव "बघण्यासारखं" वाटत नसेल तर त्याला किती बोलणार? पण मग बे, मुलगी माग बघायचा म्हणत होती! चालू असलेला माग! तो चालवणारी माणसं आजही दोन वेळच्या भाकरीसाठी तिथंच उभी आहेत. त्यांच्या दारात चार गिऱ्हाइकं गेली तर कुणाचं काय बिघडतं?

ज्यांच्या घरी किंवा ओळखीत माग आहे आणि पाहुण्यांना दाखवायची तयारी आहे, त्यांनी कमेंटमध्ये गल्ली आणि वेळ लिहा. फोन नंबर उघड्यावर टाकू नका, मेसेज करा.

खाण्याचं लिहायला बसलो तर उद्याचा दिवस जाईल. एवढंच सांगतो: कडक भाकरी घ्या, प्रवासात आठवडाभर टिकते. शेंगाचटणी घेताना ती कांडलेली आहे का ते विचारा. कांडताना शेंगदाण्याचं तेल सुटतं, चटणी ओलसर लाल होते आणि बोटांत गोळा धरते. पाते फिरवून केलेली भुरभुरीत राहते आणि तिखट घशात उडतं. असली कुणी पुडीत बांधून दिली तर तिथंच परत करा.