भागाकार कच्चा असताना संख्या-सिद्धांत कशासाठी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, सविनय नमस्कार.

जत, आटपाडी आणि कवठेमहांकाळ या तालुक्यांतील सहावी ते आठवीच्या मुलांसाठी आम्ही मे महिन्यात मिरजेजवळ जे निवासी गणित शिबिर घेतो, त्यावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिली आहे. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आपले आक्षेप आधी थोडक्यात मांडते. ज्या मुलांना भागाकार धड येत नाही त्यांना संख्या-सिद्धांत (पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचे गणित) आणि सिद्धता शिकवणे म्हणजे पाया कच्चा ठेवून कळस चढवणे होय. तेवढ्याच वेळात एनएमएमएसची (गरीब घरच्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेची) किंवा राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेतली असती तर घरात चार पैसे आले असते. मूठभर मुले निवडल्याने बाकीच्यांचा हिरमोड होतो. कल्पना अमेरिकेतून उचललेली आहे. आणि जूनमध्ये ही मुले त्याच शाळेत, त्याच बाकावर परत जातात तेव्हा त्यांच्या हाती काही उरत नाही. उभे आयुष्य प्राथमिक शाळेत शिकवण्यात घालवलेल्या शिक्षकाने हे लिहिले आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देत आहे.

भागाकाराविषयी आपण जे लिहिले आहे ते वस्तुस्थितीला धरून आहे. ग्रामीण भारतातील आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही, असे 2024 च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत दिसले. आमच्याकडे येणारी मुलेही याच वर्गांतून येतात. माझा मतभेद आहे तो पुढच्या पायरीशी. भागाकार आधी पक्का व्हावा आणि मगच अवघड गणिताचे दार उघडावे, हा क्रम आपण गृहीत धरला आहे. परंतु या मुलांना भागाकार तिसरी-चौथीपासून दरवर्षी शिकवला गेला आहे आणि तरीही तो आलेला नाही. तीच रीत, तीच उदाहरणे आणि तोच सराव मे महिन्यात आणखी एकदा दिल्याने तो येईल असे मानायला मला आधार दिसत नाही. त्या मुलांना भागाकार करण्याचे काही कारणच आजवर कोणी दिलेले नाही, असे मला वाटते.

प्रत्यक्षात काय करतो ते सांगते, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. पहिल्या सकाळी आम्ही मुलांना मनातली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायला सांगतो. चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने लावून एक संख्या आणि चढत्या क्रमाने लावून दुसरी संख्या करायची, मोठीतून लहान वजा करायची आणि जे उत्तर येईल त्यावर (ते तीन अंकी आले तर सुरुवातीला शून्य धरून) पुन्हा तेच करायचे. 3524 घेतले तर 5432 मधून 2345 वजा जाऊन 3087 येतात, त्यावरून 8352 आणि त्यावरून 6174. त्यानंतर काही केले तरी 6174 च राहतात. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी 1949 मध्ये हे दाखवून दिले. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण तिथे पोहोचतो. मुलांचा यावर विश्वास बसत नाही, म्हणून ती दुसरी संख्या घेतात, मग शेजाऱ्याची घेतात, मग ‘ही नक्की फसणार’ असे म्हणून 1000 घेतात. जेवणाच्या घंटेपर्यंत हातच्याच्या वजाबाक्यांनी वहीची पाने भरलेली असतात, आणि त्यांतली एकही आम्ही ‘सोडवा’ म्हणून दिलेली नसते.

इथवर ही गंमत आहे, आणि एवढ्यावरच थांबलो असतो तर आपला आक्षेप मी निमूटपणे मान्य केला असता. पुढे असे होते की, एखाद्या मुलाची वजाबाकी चुकते आणि तरीही शेवटी 6174 च येतात. कारण चुकलेले उत्तरही एक चार अंकी संख्याच असते आणि तीही तिकडेच जाते. मग चूक झाली हे ओळखायचे कसे? बऱ्याच वेळाने कोणाच्या तरी लक्षात येते की, प्रत्येक बरोबर वजाबाकीच्या उत्तरातील अंकांची बेरीज 18 किंवा 27 च असते. हे का, असे विचारले की वर्ग शांत होतो. नऊच्या विभाज्यतेची कसोटी सर्वांना पाठ असते, परंतु ती का चालते हे कोणालाच सांगता येत नाही. दहाला नऊने भागले की बाकी एक उरते, शंभरला भागले तरी एकच उरते, त्यामुळे अंकांची जागा बदलली तरी नऊने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही, हे समजून घ्यायला मुलांना दोन तास लागतात. पण त्या दोन तासांत स्थानिक किंमत आणि भागाकार यांचे जे काम होते ते नुसत्या सरावसंचाने होत नाही.

त्यानंतर आम्ही अंकांच्या जागी अक्षरे आणतो. मोठ्याकडून लहानाकडे लावलेले अंक क, ख, ग, घ असे मानले तर पहिल्या वजाबाकीचे उत्तर क आणि घ यांच्या फरकाची 999 पट अधिक ख आणि ग यांच्या फरकाची 90 पट एवढे येते. म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून आहे, आणि त्या दोन फरकांच्या जोड्या मोजल्या तर त्या अवघ्या 54 भरतात. जवळजवळ नऊ हजार संख्या तपासण्याऐवजी 54 उदाहरणे तपासली की सर्व चार अंकी संख्यांची सिद्धता पूर्ण होते. मुले ती आपापसांत वाटून घेतात आणि संध्याकाळपर्यंत तक्ता भिंतीवर लागतो. सातवीच्या पुस्तकात बैजिक राशी त्यांनी पाहिलेल्या असतात, परंतु अक्षर वापरल्याने हजारो उदाहरणांचे कष्ट वाचतात हा अनुभव बहुतेकांना इथे प्रथम येतो. गुरुजी, ही सिद्धता पायाच्या वर चढवलेला कळस आहे, असे मला म्हणवत नाही. वजाबाकी, स्थानिक किंमत, भागाकार आणि बीजगणित या चारही गोष्टी तिच्यात एकाच वेळी लागतात.

भागाकाराचे दुसरे उदाहरण थोडक्यात देते. आज बुधवार असेल तर 100 दिवसांनी कोणता वार येईल, हे सातने भागून बाकी काढली की कळते. मग विचारायचे की, दोनाचा शंभरावा घात जितका होईल तितक्या दिवसांनी कोणता वार येईल? ती संख्या 31 अंकी आहे, त्यामुळे मोबाईलमधला कॅल्क्युलेटरही नीट उपयोगी पडत नाही, आणि केवळ बाक्यांवर काम करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. 2, 4, 1 अशा बाक्या फिरून फिरून येतात हे दिसले की उत्तर हाती लागते. (दोन्ही प्रश्नांचे उत्तर शुक्रवारच येते. हा योगायोग आहे, पण त्यावरही बराच वाद होतो.) ज्या मुलाला लांब भागाकार जमत नाही, तो त्या संध्याकाळी स्वतः होऊन शिकवणाऱ्या ताईकडे जाऊन बसतो. मात्र ज्या मुलाला दशक-शतक यांचाच अर्थ लागलेला नाही, त्याला या शिबिराचा उपयोग नाही, त्याला वेगळ्या आणि दीर्घ मदतीची गरज आहे. ‘असर’मधील आकड्यांवर हे शिबिर उतारा आहे असा दावा मी केलेला नाही आणि करणारही नाही.

एनएमएमएसचा मुद्दा मी हलका मानत नाही. साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000 रुपये मिळतात, आणि ऊसतोडीला किंवा बेदाण्याच्या शेडवर जाणाऱ्या घरात ही रक्कम मोठी आहे. परंतु ती तयारी आपल्या जिल्ह्यातील शाळा आधीच करून घेतात. जादा तास होतात, सराव प्रश्नपत्रिका होतात, आणि अनेक शिक्षक हे काम मनापासून आणि विनामोबदला करतात. त्या परीक्षेच्या प्रत्येक पेपरमध्ये 90 मिनिटांत 90 प्रश्न सोडवायचे असतात; शिष्यवृत्तीच्या पेपरमध्ये 90 मिनिटांत 75 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. इतक्या वेळात न सुटणारा प्रश्न सोडून पुढे जाणे हेच तिथे शहाणपणाचे ठरते, आणि मुले ते शहाणपण फार चांगले शिकतात. एका प्रश्नावर दोन दिवस घालवण्याची मुभा मात्र त्यांना कुठेही मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या सुस्थित घरातील मुलाला ती मिळते. त्याच्यासाठी ऑलिंपियाडचे वर्ग असतात, पुस्तके असतात, घरात विचारायला कोणीतरी असते. पुढे अभियांत्रिकीच्या किंवा विज्ञानाच्या पहिल्या वर्षात आमची हुशार मुले ज्या ठिकाणी अडतात, ते मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना दरवर्षी पाहते. त्यांना सूत्रे येतात, पण अडल्यावर काय करायचे ते येत नाही.

निवडीबद्दल फार लिहीत नाही. वसतिगृहात खाटा मोजक्या आहेत, त्यामुळे निवड करावीच लागते. ती गुणांवर होत नाही. चार बाय चारच्या चौकटीत एकूण चौरस किती, असे काही प्रश्न वेळेचे बंधन न घालता देतो. एखादे मूल 16 लिहिते, अर्ध्या तासाने खोडून 17 लिहिते, मग दोन बाय दोनचे चौरस त्याला दिसू लागतात. ते 30 या बरोबर उत्तरापर्यंत पोहोचले नाही तरी आम्ही त्याला घेतो. दोन मिनिटांत 16 लिहून कागद देणाऱ्याचा आग्रह धरत नाही. वर्गातला पहिला क्रमांक यात अनेकदा मागे राहतो, आणि त्यामुळे काही पालक आमच्यावर रागावलेले आहेत.

कल्पना अमेरिकेतून आली हे अंशतः खरे आहे. न्यूयॉर्कमध्ये डॅन झाहारोपोल यांनी 2011 मध्ये अल्प उत्पन्न गटातील उच्च प्राथमिक वयाच्या मुलांसाठी असे निवासी शिबिर सुरू केले. आज ते काम ‘बीम’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. त्याआधी कितीतरी वर्षे, 1930 च्या दशकात, लेनिनग्राडमध्ये विद्यापीठातील गणिती शाळकरी मुलांची मंडळे चालवत होते. गरीब घरच्या मुलांना वसतिगृहात ठेवून शिकवणे तर आपल्याला साताऱ्याबाहेरून आणावे लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्येच तिथे ते करून दाखवले. उसाचा हंगाम संपून कुटुंबे गावी परतलेली असतात, म्हणून मे महिना; आणि घरी राहिले तर शेरडे, धाकटी भावंडे आणि द्राक्षबागेतील खरड छाटणीची मजुरी यांतून मुलांची सुटका नसते, म्हणून निवासी.

आपला शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. शिबिरात ‘का’ विचारायला शिकलेली मुलगी जूनमध्ये वर्गात तोच प्रश्न विचारते आणि ‘परीक्षेत हे येणार नाही’ असे ऐकते, तेव्हा तिचे नुकसान आम्ही केले की शाळेने, हा वाद निरर्थक आहे. नुकसान तिचे होते. न्यूयॉर्कच्या कार्यक्रमातही उन्हाळ्यानंतर मुलांना वाऱ्यावर सोडत नाहीत; पुढच्या शाळेच्या निवडीपासून महाविद्यालयाच्या प्रवेशापर्यंत त्यांची सोबत केली जाते. आमची ऐपत तेवढी नाही. जत आणि आटपाडी येथे महिन्यातून एका रविवारी आम्ही मुलांना भेटतो आणि पुढच्या भेटीपर्यंत पुरेल असा एकच प्रश्न देतो. पूर्व जतच्या कन्नड शाळांतील मुलांसाठी तो प्रश्न कन्नडमध्येही लिहून देतो, कारण मराठीत वाचताना त्यांची अर्धी शक्ती भाषेवरच खर्च होते. ज्या गावांतून एसटीची वेळ जुळत नाही तिथल्या मुली रविवारी येत नाहीत. शिबिराला त्यांना पाठवायला पालक तयार झाले, कारण आम्ही दोन शिक्षिका तिथेच मुक्कामाला होतो. रविवारच्या एका दिवसासाठी तशी सोबत आम्हाला अजून उभी करता आलेली नाही.

यावर मला दिसणारा मार्ग त्या मुलांच्या शाळेतील शिक्षकांकडून जातो. यंदा प्रत्येक मुलासोबत त्याच्या गणित शिक्षकांनाही शिबिराच्या शेवटच्या दोन दिवसांसाठी बोलावण्याचे ठरवले आहे. त्यांनी व्याख्यान ऐकायचे नाही, मुलांच्या गटात बसून एक न सुटलेला प्रश्न घ्यायचा. किती जण येतील हे सुट्टीतील प्रशिक्षणे आणि जनगणनेसारखी कामे यांवर अवलंबून राहील, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. आपल्या केंद्रातील ज्या शिक्षकांचा या पद्धतीला विरोध आहे, त्यांना आपण आधी पाठवावे अशी माझी विनंती आहे. 54 उदाहरणांचा तक्ता त्यांनी मुलांबरोबर भरावा, आणि त्यानंतरही त्यांचे मत आपल्यासारखेच राहिले तर ते मला त्यांच्याकडून ऐकायचे आहे.