तेरा नंबरच्या तारा लावून कोणी स्टीव्ही रे वॉन होत नाही

गिटारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, बहुतेकांना दोनतीनदा तरी आला असेल. थोडक्यात असा: खरा टोन म्हणजे आवाजाचा पोत जाड तारांतूनच येतो, अमेरिकन ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे वॉन १३ लावायचा (आकडा सेटमधल्या सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचा) म्हणून त्याचा आवाज तसा. ९ चा सेट म्हणजे नवशिक्यांचा. पातळ तारा पटापट तुटतात. जाड तारांवर बोटं तयार होतात. आणि शेवटी खास आपल्यासाठी, मुंबईच्या दमट हवेत पातळ तारा टिकतच नाहीत, निदान ११ तरी लावा. आता हे वाचून परळ-डोंबिवलीची पोरं पहिल्याच गिटारवर ११ चढवून बसलीत आणि बेंड (तार ओढून सूर चढवणं) होत नाही म्हणून स्वतःलाच शिव्या घालतायत, म्हणून हे लिहितोय.

आधी वॉनचं बघू. तो १३ लावायचा, बरोबर. पण गिटार हाफ स्टेप म्हणजे अर्धा सूर खाली, ई फ्लॅटला लावायचा, हे मेसेजमधून सोयीस्करपणे गळलंय. हाफ स्टेप उतरवलं की तारेवरचा ताण साधारण ११ टक्के कमी होतो, म्हणजे त्याची १३ ची तार हाताला स्टँडर्ड म्हणजे नेहमीच्या ट्युनिंगमधल्या १२ पेक्षा जराशीच कडक लागणार. तेही काही सोपं नाही म्हणा, बोटांची सालं निघायची आणि सुपरग्लू लावून वाजवायचा म्हणतात, पण ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

आणि एकाच माणसाचं नाव का घ्यायचं? झीझी टॉप या रॉक बँडचा बिली गिबन्स ७ चा सेट लावतो. सात! आवाज ऐकलाय ना त्याचा? आधी तोही जाड तारांवरच होता, ब्लूजचा बादशहा बी. बी. किंगने त्याची गिटार हातात घेऊन बघितली आणि विचारलं की एवढी मेहनत कशाला करतोस, असं तो स्वतः सांगतो. दुसरा ब्लॅक सबाथ बँडचा टोनी आयोमी. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, तो डावखुरा असल्यामुळे नेमकी तारा दाबायच्या हाताची. जाड तारा दाबणं शक्यच नव्हतं, तयार पातळ सेट मिळत नव्हते, तर गडी बँजोच्या तारा लावून वाजवायला लागला, पुढे ताण आणखी कमी व्हावा म्हणून ट्युनिंगही उतरवलं. ज्या आवाजाला आपण हेवी मेटल म्हणतो तो या पातळ, सैल तारांवर उभा राहिलाय, आता बोला.

मूळ घोळ असा आहे की पाकिटावरचा आकडा लोक नुसता आकडा म्हणून वाचतात. ९ म्हणजे ०.००९ इंच, सगळ्यात बारीक तारेची जाडी, बस. हाताला कळतो तो ताण, आणि तो तीन गोष्टींवर ठरतो: तारेची जाडी, ट्युनिंग, आणि नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची (तारा अंगावर जिथे टेकतात ती जागा) लांबी म्हणजे स्केल. जाडीचा हिशोब वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात जातो, त्यामुळे ९ वरून १० म्हणजे नुसतं एक पाऊल वाटलं तरी त्या तारेवरचा ताण जवळजवळ २३ टक्के वाढतो. स्ट्रॅट या मॉडेलच्या गिटारवर ९-४२ च्या (बारीक तार ९, सगळ्यात जाड ४२) पूर्ण सेटचा ताण अंदाजे ३८ किलो, १०-४६ चा ४६-४७. आता तोच १० चा सेट होल स्टेप म्हणजे एक पूर्ण सूर खाली उतरवा, पहिली म्हणजे सगळ्यात बारीक तार स्टँडर्डमधल्या ९ सारखीच लागेल. किंवा २५.५ इंची स्ट्रॅटवरून काढून २४.७५ इंची लेस पॉल गिटारवर लावा, ६ टक्के ताण तिथेच गेला. मग ‘मी १० वाजवतो’ म्हणजे नक्की काय वाजवतो? गिटार कुठली, ट्युनिंग काय, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थच नाही.

टोनचं म्हणाल तर त्यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणारा भाग) चुंबकासमोर जास्त स्टील हललं की सिग्नल जास्त, आवाज भरीव. क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय वाजवताना फरक ऐकू येतो. पण पिकअपचा स्क्रू थोडा वर घेतला किंवा ॲम्पचा गेन जरा फिरवला की त्यातला बराचसा भरून निघतो, आणि डिस्टॉर्शन चढवल्यावर जॅमरूममध्ये ड्रमरच्या शेजारी बसून ९ आणि ११ ओळखून दाखवणारा मला अजून भेटायचाय. उलट आपल्याकडचंच बघा, सतारीची बाजाची म्हणजे मुख्य तार साधारण ०.३० मिलिमीटर, म्हणजे गिटारच्या भाषेत १२ च्या आसपास, आणि ती लागते गिटारच्या पहिल्या तारेपेक्षा जवळजवळ एक सप्तक खाली. चार-पाच स्वरांची मींड, म्हणजे तार ओढून सूर चढवणं, त्या सैलपणामुळेही सोपी जाते. आवाज बारीक आहे अशी तक्रार कोणी केली का आजपर्यंत?

तुटण्याचा मुद्दा ऐकायला एकदम पटतो, बारीक तार म्हणजे लवकर तुटणार. पण हिशोब मांडून बघा. त्याच स्केलवर त्याच सुराला लावली तर ताण जाडीच्या वर्गात वाढतो आणि तारेचा छेदही वर्गातच वाढतो, म्हणजे स्टीलच्या प्रत्येक कणावर येणारा भार ९ ला आणि ११ ला अगदी सारखाच. तार तुटते ती सॅडलवर (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) धार आलेली असते म्हणून, गंजलेली असते म्हणून, नाहीतर पिक कुदळीसारखा चालतो म्हणून. एकाच जागी परत परत तुटत असेल तर गेज म्हणजे तारेची जाडी बदलू नका, ती जागा बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या.

बोटं तयार होतात वगैरे सोडून द्या. घट्टे कुठल्याही तारांवर पडतात. मनगट आणि कोपर दुखायला लागलं तर ती तयारी नाही, ती इजा आहे.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याने सांगायला हवी होती आणि तीच नाही सांगितली. पातळ तारा जोरात दाबल्या की सूर चढतो, कॉर्ड बेसूर लागते. हात जड असेल, गणपतीच्या ऑर्केस्ट्रात तीन तास नुसता रिदम ठोकायचा असेल, किंवा ट्युनिंग ड्रॉप सी पर्यंत, म्हणजे बरंच खाली उतरवायचं असेल तर जाड तारा लावाच, तिथे ९ नुसती लोंबकळेल. लीडही हवी आणि रिदमही, तर ९-४६ चा मिश्र सेट मिळतो, बारीक तारा मऊ, जाड तारा भरीव, माझ्या मते आपल्यातल्या निम्म्या लोकांना हाच पुरे.

राहिली मुंबईची हवा. गंज घाम आणि दमटपणामुळे चढतो, तो तार ९ ची की ११ ची बघत नाही. फार तर बारीक तारेला तेवढाच गंज जास्त बाधतो. वाजवून झालं की सुक्या फडक्याने तारा खालून-वरून पुसा, जमत असेल तर कोटेड (वरून थर दिलेल्या) तारा घ्या, जूनमध्ये गिटार भिंतीवर टांगून ठेवू नका. आणि गर्दीच्या लोकलमधून उतरून थेट एसी जॅमरूममध्ये गेल्यावर ट्युनिंग चढलेलं दिसतं ना, त्यात गेजचा दोष नाही, गार झाल्यावर तार आखडते. दहा मिनिटं थांबा, मग लावा.

गेज बदलणारच असाल तर एकेक पायरी बदला. ९ वरून थेट ११ वर गेलात तर नटच्या खाचेत तार अडकेल, नेक पुढे वाकेल, ट्रेमोलोवाल्या गिटारचा ब्रिज उचलला जाईल, मग ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळी), मागच्या स्प्रिंगा, इंटोनेशन (नेकभर सूर बरोबर लागणं) सगळंच परत जुळवायचं. धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये किंवा तुमच्या नेहमीच्या दुकानात गेलात की काउंटरवर आधी स्केल आणि ट्युनिंग सांगा, गेज त्यानंतर.