पळून जावंसं वाटतं, ते अगदी खरं

मौन शिबिराच्या अनुभवावरचा एक लेख वाचला. तिथे पहिले दोन दिवस पळून जावंसं वाटतं, असं लेखिकाताईंनी त्यात लिहिलंय. मलाही तसंच झालं होतं. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत 14 वर्षं प्लॅनिंगला आहे. गेल्या वर्षी अशी वेळ आली की फोन वाजला तरी छातीत धडधडायचं. रंकाळ्यावर फिरायला गेलो तरी डोक्यात मालाचं डिस्पॅचच. लेक शाळेतलं काय सांगायची ते दुसऱ्या मिनिटाला आठवायचं नाही.

शेवटी आळत्याला, रामलिंगच्या वाटेवरच्या धम्मालय या विपश्यना केंद्रात 10 दिवसांच्या विपश्यनेला, म्हणजे मौन पाळून करायच्या ध्यान शिबिराला बसलो. मोबाईल सुरुवातीलाच जमा. पहाटे 4 ला घंटा, आणि पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे बघायचं. हात सारखा रिकाम्या खिशाकडे जायचा. तिसऱ्या दिवशी जेवून ताट धुताना नळाचं गार पाणी मनगटावरून ओघळलं आणि एकदम डोळे भरून आले. इतकी वर्षं हात धुतच होतो की, पण तिथे मी नव्हतोच कधी.

फी काही नाही. आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर आपलं राहणं-जेवण चालतं, हे मला फार मोठं वाटतं. एक मात्र कळकळीनं सांगतो, अर्जात आजाराची माहिती विचारतात, ती लपवू नका. झोपच उडाली असेल तर आधी डॉक्टरांना भेटा.

नोकरी तीच आहे. रात्री नऊनंतरचे फोन घेणं सोडलं. आता लेक गणिताचं पुस्तक घेऊन शेजारी येऊन बसते.