नुसतं पाणी कमी पिल्यानं होत नाही हे

लेखात नेफ्रायटिसचं, म्हणजे किडनीला सूज येण्याचं, कारण म्हणून पाणी कमी पिणं एवढंच ठळक दिलंय, ते अर्धवट वाटलं. आमच्या सोलापूरच्या उन्हात पाणी तर पाहिजेच, पण किडनीच्या गाळण्या सुजायची कारणं वेगळी असतात. माझ्या पुतण्याच्या पायावरच्या पुळ्या बऱ्या झाल्या आणि काही आठवड्यांनी सकाळी उठला तर डोळे सुजलेले, लघवी कोऱ्या चहासारखी! स्ट्रेप जंतूमुळं होतं असं, घशाच्या इन्फेक्शननंतर १ ते ३ आठवड्यांत, कातडीच्या असेल तर ३ ते ६, मुलं बहुतेक बरी होतात पण बीपी बघावंच लागतं. आणि पेनकिलर! सोलापूरच्या पूर्व भागात लूमवर (यंत्रमागावर) उभं राहून पाय दुखतात म्हणून मेडिकलमधून रोज गोळी घेणारे कितीतरी आहेत, त्यानंही किडनीला सूज येते, हे लेखात कुठंच नाही. ल्युपसवर पण लिहा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार, त्यातही किडनी सुजू शकते; बायकांमध्ये जास्त असतो तो.