आवाज पुढे, स्लाइड मागे

अरे, प्रशिक्षणाच्या प्रेझेंटेशनमध्ये आवाज एकीकडे आणि स्लाइड भलतीकडे, हे अजून किती दिवस चालणार? निवेदक ‘या आलेखात बघा’ म्हणतो आणि पडद्यावर मागचीच अनुक्रमणिका ढिम्म उभी! आलेख येतो तोवर हा निष्कर्षावर पोचलेला. नवीन भरती झालेल्या पोरांनी यातून मशीनची सुरक्षा शिकायची? कानांनी ‘लाल बटण दाबा’ ऐकायचं आणि डोळ्यांनी हिरवं बघायचं?

याचं कारण ही प्रेझेंटेशन बनवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सगळ्या प्रेझेंटेशनला एकच लांबलचक ऑडिओ फाइल चिकटवायची, आणि वर प्रत्येक स्लाइडला पान उलटल्याचं ट्रान्झिशन, म्हणजे स्लाइड बदलतानाचा इफेक्ट, लावायचं. पॉवरपॉइंट ट्रान्झिशनचा वेळ स्लाइडच्या ठरवलेल्या वेळेत धरत नाही, वरून जोडतं. दीड सेकंदाचं ट्रान्झिशन, ४० स्लाइड, म्हणजे शेवटी अख्खं १ मिनिट मागे! त्यात कोणीतरी मधलं एक वाक्य बदलतं, की पुढचं सगळं टायमिंग बोंबललं.

प्रत्येक स्लाइडचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून त्याच स्लाइडवर ठेवा ना! एक बदललं तर तेवढंच बदलेल. काय जातं तुमचं? आणि पाठवण्याआधी एकदा, फक्त एकदा, शेवटपर्यंत लावून बघा!